थांबवलेलं टपाल

४ जानेवारी

नव्या वर्षाची ही डायरी हिने मी इकडे निघताना माझ्या सामानात घातली. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलंय, "कुरकुर इथे करा. मला पत्रात चांगलं तेवढं लिहा." वर्षाचे पहिले तीन दिवस कोरी ठेवून तिचा मान राखला. आज कुरकुर फार साठली.

कुरकुर लाइनची आहे. खिंडीच्या माथ्यावरच्या या हवामान केंद्रात आम्ही आठ जण. नोव्हेंबर संपता संपता बर्फाने रस्ता बंद होतो, तो मार्चशिवाय उघडत नाही. बाहेरच्या जगाशी संबंध दोनच. एक साहेबांच्या खोलीतला बिनतारी संच. त्यावरून रोज दुपारी तापमान आणि वाऱ्याचे आकडे मुख्य कचेरीला जातात. दुसरी गच्चीवरची तबकडी, जिच्यातून मेल येते. आठ जणांना मिळून मेलचा पत्ता एकच. ज्याचं पत्र त्याचं नाव वर विषयात लिहिलेलं असतं. पत्रं उतरवून घ्यायची, छापायची, घडी घालून ज्याची त्याला द्यायची, हे माझं काम. पदाने मी कारकून, पण सगळे मला पोस्टमास्तर म्हणतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

तर लाइन. ती येते, जरा टेकते, जाते. आमचा मेलचा प्रोग्राम रांगेतलं पहिलं पत्र आधी घेतो, मग दुसरं, मग तिसरं, आणि सगळी घेऊन झाली की कचेरीच्या सर्व्हरला 'मिळालं, निघतो' असं सांगतो. ते सांगायच्या आत लाइन तुटली, तर सर्व्हर धरून चालतो की आपण काहीच दिलेलं नाही. की पुन्हा पहिल्यापासून. आज निरीक्षकाच्या सासूबाईंचं तेच ते पत्र मला पाच वेळा मिळालं. त्याला ते एकदाही नको होतं.

एक पत्र मिस्त्रीचं होतं. जनरेटर सांभाळणारा आमचा मिस्त्री, इथला माझा एकुलता एक मित्र. त्याचे वडील गेले. भावाने कळवलंय. मी ते साहेबांना दाखवलं आणि नियमाप्रमाणे थांबवलं. वाईट बातमी रस्ता उघडेपर्यंत द्यायची नाही, हा इथला नियम. काही वर्षांपूर्वी एका निरीक्षकाला मुलाची बातमी कळली आणि तो कोणाला न सांगता पायी खाली निघाला. बर्फ वितळल्यावर सापडला. तेव्हापासून हे सुरू आहे. वर येताना प्रत्येकाला नियम सांगतात, प्रत्येक जण मान डोलावतो, आणि प्रत्येकाला वाटतं की तो बाकीच्यांसाठी आहे.

जेवताना मिस्त्रीने विचारलंच, "आमचं काही?" म्हटलं, नाही रे, लाइन कुठे धड आहे. खोटं बोलायला लाइन फार उपयोगी पडते.

७ जानेवारी

हिचं पत्र आलं. ऑपरेशन एप्रिलमध्ये, मी खाली गेल्यावर, असं ठरलं होतं. डॉक्टर आता थांबायला तयार नाहीत. पंधरा तारीख दिली आहे.

ती लिहिते, "अहो पोस्टमास्तर, हृदयाची झडप बदलायची म्हणजे फार काही नसतं. आपल्या मोरीतल्या नळाचा वायसर तुम्ही बदललात ना, तसंच. फक्त हे लोक तुमच्यासारखं अख्खं घर ओलं करणार नाहीत. ठकीला भावाकडे ठेवलंय. ती मामीला शाळेच्या डब्यावरून सळो की पळो करून सोडते आहे. तुम्ही काळजी करू नका, म्हणजे मला तुमची काळजी करायला नको."

ठकी म्हणजे आमची मुलगी. तिसरीत आहे. हिचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, रोज एक पत्र टाकणार आहे. तो बँकेत आहे आणि बोललं की करतो.

पत्र चारदा वाचलं. नळाचा वायसर मी पहिल्या झटक्यात बसवला होता. पाणी सांडलं ते बादली तिने काढून घेतली म्हणून.

११ जानेवारी

तीन दिवस एक पत्र उतरलं नाही. कारण आज कळलं. कचेरीतल्या कोणी तरी नव्या वायुवेगमापकाची सगळी माहितीपुस्तिका चित्रांसकट पाठवून दिली आहे. एवढं मोठं पत्र आमच्या लाइनवर पुरं उतरणं शक्यच नाही. थोडं उतरतं, लाइन तुटते, पुन्हा सुरुवात. आणि ते रांगेत सगळ्यात पुढे. दारात कपाट अडकल्यावर मागची माणसं जशी जिन्यात उभी राहतात तशी मागची सगळी पत्रं ताटकळत आहेत. त्यात हिचंही असणार.

शेवटी साहेबांकडे गेलो. आमचे साहेब कमी बोलतात, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधतात, पण कामाचा माणूस आहे. त्यांनी दुपारच्या आकड्यांनंतर बिनतारीवरून कचेरीला दोन शब्द सुनावले. कचेरीने ते कपाट तिकडून काढून घेतलं आणि मागची पत्रं धडाधड आली. हिची दोन. मला साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं.

१५ जानेवारी

आज ऑपरेशन.

पहाटेपासून वादळ. तबकडीवर बर्फाचा थर. मिस्त्री आणि मी कमरेला दोर बांधून गच्चीवर गेलो, झाडूने बर्फ काढला, खाली येईपर्यंत पुन्हा तेवढाच साठला. असं दिवसभर. लाइन एकदाही आली नाही. मिस्त्री म्हणाला, "डॉक्टर तुझ्या मेलची वाट बघत थांबलेत का? ते त्यांचं काम करतायत." बरोबर आहे. तरी बोटं बधिर होईपर्यंत झाडत राहिलो.

१६ जानेवारी

झालं! नीट झालं. मेव्हण्याचं पत्र, दोनच ओळी. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, दुपारी तिने डोळे उघडले, आणखी काही दिवस देखरेखीखाली ठेवणार.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग उठून सगळ्यांना सांगत सुटलो. आचाऱ्याने मिठी मारली, तेव्हा माझ्या स्वेटरला पीठ लागलं ते अजून झटकलेलं नाही. हिला लांबलचक पत्र लिहिलं, वायसरचा खुलासाही केला. जाणारी पत्रं जातात, त्यांना काही होत नाही. येणाऱ्यांचंच दुखणं आहे.

१८ जानेवारी

काल काही नाही. आज सकाळी लाइन आली, मेव्हण्याचं पत्र उतरायला लागलं आणि मधेच तुटली. प्रोग्राम अर्धं पत्र फेकून देतो, पण पडद्यावरून सरकताना मी वाचलं. "काल रात्रीपासून ताप चढला आहे. डॉक्टर म्हणतात की"

डॉक्टर काय म्हणतात? पुढचा सगळा दिवस मी त्या 'की' समोर बसलो होतो. लाइन येत होती, पण टिकत नव्हती. जेवायला गेलो नाही. मोडेम काढून पुन्हा जोडला, तारा बदलल्या, तबकडी बोटभर इकडे, बोटभर तिकडे. ताप तर साधा सर्दीनेही येतो. ऑपरेशननंतर अंग थोडं तापतंच, असं निरीक्षक म्हणाला. तो काय डॉक्टर आहे?

१९ जानेवारी

सकाळी काहीच नाही. दुपारी धीर सुटला आणि साहेबांच्या खोलीत गेलो. बिनतारीवर खासगी बोलायची परवानगी नाही, मला माहीत आहे. तरी म्हटलं, साहेब, एकदा विचारा. ते म्हणाले, "बघतो." मी दाराबाहेर थांबलो. आकडे सांगून झाले. मग बराच वेळ साहेब फक्त 'हं' म्हणत होते. बाहेर आले आणि चष्मा पुसत म्हणाले की कचेरीकडे काही निरोप नाही, आवाज नीट येत नव्हता, उद्या पुन्हा विचारू.

मग म्हणाले, "तुम्ही दोन दिवस झोपलेले नाही. उद्यापासून सकाळची मेल माझ्या संगणकावर मी उतरवतो. पासवर्ड आहे माझ्याकडे. तुम्ही आराम करा."

चांगला माणूस आहे. पण त्यांना लाइनची नस माहीत नाही, त्यांच्या हातून काय उतरणार?

२१ जानेवारी

साहेबांनी उतरवलेली पत्रं बघितली. निरीक्षकाच्या सासूबाईंचं आहे, आचाऱ्याच्या बहिणीचं आहे. माझं नाही. दुपारी मीही बसलो. नाही.

मेव्हणा रोज एक पत्र टाकतो म्हणजे टाकतोच. म्हणजे पत्रं येतात आणि वाटेत कुठेतरी गळतात. कुठे? मी कचेरीतल्या संगणकवाल्या बाईंना लिहिलं आहे की तुटक्या लाइनवर एकही पत्र न गमावता मेल कशी घ्यायची ते सविस्तर कळवा, माझा जीव टांगणीला लागला आहे. कामाच्या पत्रात असलं लिहू नये. लिहिलं.

आचाऱ्याने आज माझ्या ताटात न मागता जास्त वाढलं आणि समोर बसून राहिला. मला तर घास उतरत नाही. मी ओरडलो त्याच्यावर. तो एरवी उलटून बोलला असता. मान खाली घालून भांडी घेऊन गेला. मला लाज वाटली.

हिला पत्र लिहिलं. "ताप उतरला असला तर ठकीच्या मामाला एवढा एक शब्द टाकायला सांग. एक शब्द कुठल्याही लाइनवर येतो."

२३ जानेवारी

मिस्त्री हल्ली सतत माझ्याजवळ असतो. जनरेटरचं काम आटोपलं की येतो, स्टूल ओढतो, बसतो. बोलत नाही. मी तबकडीवर गेलो की दोर धरतो. काल मी मोडेमवर मूठ आपटली तेव्हा त्याने माझा हात धरून ठेवला, लहान मुलाचा धरावा तसा.

आणि मी? त्याचा बाप मरून इतके दिवस झाले, आणि मी त्याला रोज सांगतो, लाइन नाही रे. बातमीवाचून माणसाचं काय होतं ते आता मला कळतं आहे. नियम ज्याने केला त्याने कधी अशी वाट पाहिली नसणार. आज मला सहन झालं नाही. साहेब झोपले होते. मी मिस्त्रीला त्याचं पत्र दिलं.

त्याने वाचलं. घडी घातली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा मला मारणार.

"इतके दिवस तू माझ्यासमोर जेवत होतास," तो म्हणाला. रागाने नाही, नवल वाटल्यासारखं.

मी म्हटलं, "नियम होता."

"हो, नियम." मग तो काहीतरी बोलणार होता. ओठ हलले. पण उठला आणि दारातून म्हणाला, "मला आता तुझ्याजवळ बसवत नाही."

बसवणार कसं? मी त्याच्या जागी असतो तर पुन्हा तोंड पाहिलं नसतं. पण सांगितलं ते बरं केलं, असंच मला वाटतं.

२४ जानेवारी

मिस्त्री निघून गेला. पहाटे, पायी. आचारी चुलीला उठला तेव्हा मागचं दार उघडं होतं.

साहेब, निरीक्षक आणि दोघं जण दोर घेऊन गेले. मला येऊ दिलं नाही. मी म्हटलं, चूक माझी आहे. साहेब म्हणाले, "म्हणूनच तुम्ही येऊ नका," आणि आचाऱ्याला माझ्याजवळ बसवून गेले. पाऊलखुणा दुसऱ्या वळणापर्यंतच होत्या म्हणे. पुढे वाऱ्याने पुसल्या. दुपार टळल्यावर त्याला आणलं. एका कड्याच्या आडोशाला बसलेला सापडला. बोलत होता, पण आमच्याशी नाही.

पायांची बोटं काळी पडली आहेत.

साहेब मला ओरडले नाहीत. ते बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "आता तरी कळलं ना, आपण का थांबवतो?" मी म्हटलं, कळलं. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मलाच मान खाली घालावी लागली. यापुढे सगळी मेल आधी त्यांच्या संगणकावर उतरणार. माझ्यावरचा विश्वास उडाला आहे, आणि उडायलाच हवा.

२६ जानेवारी

मिस्त्री शुद्धीवर आहे. कोमट पाण्यात त्याचे पाय शेकायला मी बसलो होतो. माफ कर म्हणालो.

"तू मला सांगितलंस," तो म्हणाला. "तुझ्यात तेवढी छाती होती. माझ्यात नाही."

कसली छाती, विचारलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि पाय काढून घेतले. त्याचे खांदे हलत होते. बापासाठी रडतो आहे. रडू दे.

अजून माझं काही नाही. साहेब सकाळी पत्रं आणून देतात तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघतो, चेहऱ्याकडे बघायचं सोडून दिलं आहे. बिनतारीवर रोज विचारतात म्हणे. रोज निरोप नाही.

मन नको तिकडे जातं. ताप वाढला असेल, शुद्ध नसेल. पण तसं काही असतं तर मेव्हण्याने कचेरीत फोन केला असता, कचेरीने साहेबांना सांगितलं असतं. म्हणजे तसं काही नाही. वाईट बातमी हजार वाटांनी येते. चांगलीच अशी लाइनमध्ये अडकून पडते.

२८ जानेवारी

ठकीचं पत्र आलं! साहेबांनी स्वतः आणून दिलं, खोलीपर्यंत.

"बाबा, मी बरी आहे. मामीने मला दोन वेण्या घालून दिल्या. शाळेत चित्राला बक्षीस मिळालं. माझा दात पडला, पुढचा. तिकडे अजून बर्फ आहे का? रस्ता कधी उघडणार? मामा रोज बघतो. तू नीट जेव आणि रात्री बाहेर जाऊ नकोस. तुझी ठकी."

बस्स. आईबद्दल एक अक्षर नाही! दात पडला ते कळवायला जमतं, आई कशी आहे ते सुचत नाही. इतकी शहाणी पोर आणि हे असं. मला राग आला, मग स्वतःचाच राग आला. आठ वर्षांची आहे. मुलं हॉस्पिटलात नेत नाहीत, तिला काय माहीत असणार? आणि वेण्या घालते आहे, बक्षीस घेते आहे, म्हणजे घरात सगळं सुरळीत असणार. नाहीतर कोण वेण्या घालत बसतं? मी पत्र उशीखाली ठेवलं आहे.

रात्री बाहेर जाऊ नकोस, हे मात्र तिच्या आईचं वाक्य आहे. पलंगावर पडल्या पडल्या हिनेच सांगितलं असेल.

३० जानेवारी

संगणकवाल्या बाईंचं उत्तर आलं; कामाचं पत्र म्हणून साहेबांनी न वाचताच माझ्याकडे सरकवलं. सोबत त्यांनी स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्राम, मुद्दाम लहान, आमच्या लाइनवर उतरावा म्हणून. मला मरगळ आली होती ती गेली.

युक्ती अशी. रांगेत उभं राहायचंच नाही. लाइन आली की आधी फक्त यादी मागायची. कोणाकडून आलं आहे, कोणासाठी आहे, केवढं आहे. यादी एवढीशी असते, क्षणात येते. मग सगळ्यात लहान पत्र, फक्त एकच, घ्यायचं आणि लगेच 'मिळालं, निघतो' सांगून टाकायचं. पुन्हा जोडायचं, पुढचं घ्यायचं. लाइन कधीही तुटो, हातात आलेलं जात नाही आणि न आलेलं सर्व्हरवर जसंच्या तसं राहतं. बाईंनी खाली लिहिलं आहे, "एक लक्षात ठेवा, लाइन तुटल्याने पत्र कधीच नाहीसं होत नाही. कोणीतरी ते पूर्ण घेऊन निरोप घेतल्याशिवाय सर्व्हर ते सोडत नाही." आणि शेवटी, "तुम्ही स्वतःला जपा. आम्हा सगळ्यांना तुमची आठवण येते."

मला त्या कधी भेटल्या आहेत ते आठवत नाही. स्वभावाने चांगल्या दिसतात.

संध्याकाळी करून बघितलं. लाइन घडीघडीला तुटत होती तरी अकराच्या अकरा पत्रं उतरली, एकही दोनदा नाही. माझं कोणतंच नव्हतं. पण आता माझ्या हातात जाळं आहे. त्यातून काही निसटणार नाही. साहेबांना सांगितलं नाही. त्यांनी मला बंदी केली आहे, तेव्हा गुपचूप.

२ फेब्रुवारी

दोन दिवस वादळ. आज दुपारी थांबलं. मी बसूनच होतो. लाइन आली, यादी मागितली, आली.

चार पत्रं. तिसरं माझ्या मेव्हण्याकडून. इतक्या दिवसांनी त्याचं नाव पडद्यावर. आणि शेजारच्या रकान्यात, विषयाच्या जागी, माझं नाव नव्हतं. 'साहेबांसाठी, खासगी' असं होतं.

तेवढ्यात लाइन तुटली.

पुन्हा जोडली. यादी रिकामी. चारही पत्रं गेली होती.

भिंतीपलीकडे साहेबांच्या खोलीत छपाईयंत्र घरघरलं आणि थांबलं.

लाइनने पत्र कधीच नाहीसं होत नाही. दोन आठवडे मी लाइनला शिव्या घातल्या. तिने माझं काही नेलं नव्हतं.

चांगली बातमी इथे कोणी थांबवत नाही. मीच तर थांबवायचो, मला माहीत आहे काय थांबवतात ते. वाचायची गरजच नाही.

मी इथे हे सगळं नीट अक्षरात लिहितो आहे. असं कसं लिहू शकतो?

त्याच दिवशी, नंतर

साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांच्या हातात कागद होता. मला बघून त्यांनी तो लपवला नाही. चष्मा काढला.

मी एवढंच विचारलं, "कधी?"

"एकोणीसला. सकाळी."

एकोणीसला दुपारी मी त्यांच्या दाराबाहेर उभा होतो. त्या 'हं'मध्येच ते होतं. त्यानंतर मी रोज तिला पत्र लिहिलं. ताप उतरला का, एक शब्द टाक, पथ्य मोडू नकोस, बादलीचा वाद मी घरी आल्यावर पुन्हा काढणार आहे. जाणारी पत्रं जातात. सगळी गेली. मेव्हणा रोज उघडत असेल.

साहेब म्हणाले, "शिव्या द्यायच्या असतील तर द्या. आधी फक्त नियम म्हणून थांबवलं, पण मिस्त्रीला आणलं तेव्हा मी ठरवलं की तुम्हाला तरी जिवंत खाली न्यायचं. तुमच्या मेव्हण्याशी बोलून केलं. तुमच्या मुलीलाही माहीत आहे."

मुलीलाही माहीत आहे. दोन वेण्या, चित्राचं बक्षीस, पुढचा दात. तिने शब्दन् शब्द जपून लिहिला होता. मी तिच्यावर चिडलो होतो.

साहेबांनी पत्रं पुढे केली. मी घेतली नाहीत. मिस्त्रीच्या खोलीवरून आलो. तो पायांना पट्ट्या बांधून पलंगावर बसला होता. माझं तोंड बघून त्याला कळलं. "सांगायला हवं होतं मी," म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडला. मी रडलो नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

३ फेब्रुवारी

खरं लिहितो. पहाटे मी बर्फातले बूट चढवले, दोर घेतला, खिशात पाव भरला. मागच्या दाराच्या कडीला हात लावला. मिस्त्री दुसऱ्या वळणापुढे गेला होता. माझी छाती त्याच्याहून चांगली आहे. आता वादळही नाही. तिथे माझं पोर एकटं आईचं दुःख गिळून मला दाताच्या गोष्टी लिहितं आहे, आणि मी इथे चुलीपाशी बसू?

मग वाटलं, निघण्याआधी तिला मोकळं तरी करावं. बूट घालूनच संगणकासमोर बसलो. लिहिलं, "ठके, बाबाला कळलं आहे. आता तुला काही लपवायचं नाही. तुला रडावंसं वाटलं तर मामीच्या कुशीत रड, मोठ्याने. तू फार शहाणी आहेस. मी येतो आहे."

गेलं. मग का कोण जाणे, उठलो नाही. उजाडलं. लाइन येत होती, जात होती. मी यादी मागत होतो. काही नाही. पुन्हा मागत होतो. आचारी आला, माझे बूट बघितले आणि दाराला पाठ लावून बसला. लाइन गेली ती खूप वेळ आलीच नाही. ऊन गच्चीवर चढलं. मी म्हटलं, आणखी एकदा बघतो आणि निघतो.

यादीत एकच पत्र. इतकं छोटं की माझा कुठलाही जुना प्रोग्राम ते घेऊ शकला असता.

"बाबा तू चालत येऊ नकोस. मी थांबते."

मी ते घेतलं, सर्व्हरला 'मिळालं, निघतो' सांगितलं, आणि तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडलो. आचारी पाठीवर हात फिरवत होता.

नंतर बूट काढले. साहेबांच्या खोलीत नेऊन त्यांच्या पलंगाखाली ठेवले आणि सांगितलं की रस्ता उघडेपर्यंत हे माझ्या हातात देऊ नका, मी कितीही मागितले, कितीही भांडलो, तरी देऊ नका.